गोड पाण्याचा भाव

नरोत्तम सावे माघात गेले. पालघरजवळच्या माहीमच्या समाजमंदिरात त्यांची शोकसभा झाली, तिला मी गेलो होतो. दाराजवळ मागे बसलो आणि पुढच्या रांगेत कोण कोण बसलंय ते नीट बघून घेतलं. एका बँकेचा निवृत्त शाखाधिकारी होता, ज्याने त्यांना काम देणं बंद केलं होतं. बोईसरचे दोन कारखानदार होते, जे पाठीमागे त्यांना खडूस म्हणायचे आणि समोर आले की ‘भाऊ, भाऊ’ करायचे. त्यांचा चुलतभाऊ वसंत होता, ज्याने पोरीच्या लग्नाचं साधं आमंत्रण दिलं नव्हतं. एकेक जण उठला, फोटोला फूल वाहिलं आणि बोलला. शाखाधिकारी म्हणाला, "असा माणूस पुन्हा होणे नाही." मी मनात म्हटलं, होऊ नये म्हणून तुम्हीच तर झटलात.

सभा चालवणाऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, "दामूशेठ, दोन शब्द?" मी मानेनेच नको म्हटलं. माझे दोन शब्द तिथे शोभले नसते. त्या माणसाने मला एकदा नाही, दोनदा बुडवलं, आणि दोन्ही वेळा माझाच चहा पिऊन. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही, झालं तेवढं सांगतो.

निघताना बायकांच्या बाजूने त्यांच्या बायकोने हाक मारली. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, "शेठ, चैत्रात येताय ना?" मी "बघू" म्हणालो आणि चपला शोधायला लागलो. चैत्राचं काय ते शेवटी सांगतो.

नरूभाऊंचा धंदा जागेची किंमत काढून देण्याचा. कोणी कारखाना, गाळा, गोदाम तारण ठेवून कर्ज मागितलं की बँक आधी विचारते, या जागेची किंमत काय? ती सांगायला सरकारमान्य माणूस लागतो. त्याला आम्ही सगळे व्हॅल्युअर म्हणतो. पालघरपासून तारापूरपर्यंत असे बरेच आहेत. त्यातले बहुतेक शहाणे आहेत. ते आधी विचारतात, शेठ, आकडा किती पाहिजे? मग टेप काढतात. नरूभाऊ आधी टेप काढायचे, आणि आकडा विचारायचेच नाहीत.

दिसायला माणूस अगदीच साधा. बुटका, पोट सुटलेला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानात केस. एक जुनी स्कूटर होती, तिच्या पुढच्या जागेत बारा महिने गमबूट ठेवलेले असायचे. भर उन्हात सुद्धा. कोणी हसलं की म्हणायचे, "पाऊस सांगून येत नाही, पण जागा दाखवणारा नेहमी उन्हातच बोलावतो." जागेवर आले की आत शिरायचे नाहीत. आधी कंपाउंडच्या भिंतीबाहेरून एक फेरी. मागचा नाला बघायचा, त्यातल्या पाण्याचा रंग बघायचा, वास घ्यायचा. मग शेजारच्या कंपनीच्या वॉचमनपाशी जाऊन उभे. त्याला तंबाखू द्यायची, त्याच्या गावाकडची चौकशी करायची, त्याच्या खुर्चीवर बसायचं. मालक इकडे गेटवर फाइल घेऊन ताटकळतोय, आणि हा माणूस तिकडे त्या वॉचमनच्या म्हशीची तब्येत विचारतोय. शेवटी आत यायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "बोअरिंगचं पाणी आहे ना? एक ग्लास आणा." ग्लास उजेडात धरून बघायचे. आमच्या औद्योगिक वसाहतीत ते पाणी कुठे पिवळं, कुठे चहासारखं. तिथे ते नुसतं हुंगायचे. गावात, वाडीत काम असलं तर घोट घेऊन चूळ भरायचे.

आणि खाणं! लोक म्हणतात प्रामाणिक माणूस कोणाच्या घरचं पाणी पीत नाही. यांचं उलट. जे समोर येईल ते खायचे. वडापाव आणा, भजी आणा, बोंबिलाचं कालवण असेल तर दोन भाकऱ्या जास्त. मला वाटायचं, हा माणूस आपल्या हातात आला.

असं का वाटायचं ते सांगतो. मी शिरगावचा. आई टोपली घेऊन पालघरच्या बाजारात बसायची, आणि मी तिच्या शेजारी. शाळेत जे शिकलो ते विसरलो, तिथलं विसरलो नाही. आई म्हणायची, "गिऱ्हाईक माशाकडं बघत नाय, तुज्या तोंडाकडं बघतं. तोंड दिसू द्यायचं नाय." ओळखीचं मोठं गिऱ्हाईक आलं की ती शेजारच्या टपरीवरून चहा मागवायची. नको नको म्हणाला तरी हातात द्यायची. तो गेला की मला सांगायची, "ज्यानं आपला घोटभर च्या घेतला, तो अर्धा वाकला. उरलेला अर्धा आपून वाकवायचा." याच एका वाक्यावर मी हेल्परचा कारखानदार झालो. भंगारवाला असो, कामगार पुरवणारा असो, वसाहतीच्या ऑफिसातला साहेब असो, चहा घेतलेला माणूस मला पूर्ण 'नाही' म्हणालेला मी पाहिला नव्हता.

आता पहिली गोष्ट. पाम गावाच्या अंगाला, वसाहतीच्या कडेला माझी शेड आहे, फॅब्रिकेशनची. तिला लागून आणखी एक शेड होती, माझ्यापेक्षा मोठी. त्या शेडमध्ये मी तरुणपणी हेल्पर म्हणून लागलो होतो. संध्याकाळी सुटताना तिथल्या गेटवर आमच्या पिशव्या झाडून घ्यायचे. आमच्या म्हणजे माझ्यासारख्यांच्या. ऑफिसवाल्यांच्या बॅगा तशाच जायच्या. एकदा माझ्या डब्यातली सुकटीची चटणी त्यांनी रस्त्यावर पालथी केली, आत काही दडवलंय का बघायला. सगळे हसले होते. तो मालक गेला, त्याच्या पोरांना धंद्यात रस नव्हता, आणि त्यांनी शेड विकायला काढली. ती मला पाहिजे होती. धंद्यासाठी पाहिजे होतीच, पण ते गेट मला पाहिजे होतं.

पैसे उभे करायला माझी शेड तारण ठेवायची होती. बँकेने सावेंना पाठवलं.

मी तयारी केली होती. शेडला आतून-बाहेरून रंग, पुढे नवे ब्लॉक, वेल्डिंगच्या पोरांना धुतलेले कपडे. नरूभाऊ आले ते थेट शेजारच्या वॉचमनकडे. मी लांबून ऐकत होतो.

"बारिश में कैसा रहता है, भैया?"

"अरे साहब, मत पूछो. नाला उलटा आता है. इनके शेड में तो घुटने तक. लड़के लोग मशीन पे चढ़ के बैठते हैं."

मला त्या वॉचमनचा गळा धरावासा वाटला. नरूभाऊ आत आले, माझ्या नव्या रंगावरून गुडघ्याच्या उंचीवर हात फिरवला, नखाने जरासा खरवडला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "रंग चांगल्या कंपनीचा आहे, शेठ." मग भजी खाल्ली. चहा दोनदा घेतला. बायकोने पाठवलेली सुरणाची भाजीसुद्धा चाटून पुसून. मी मनात म्हटलं, पाण्याचं सोडून देतोय, झालं काम.

त्यांचा आकडा बँकेत गेला आणि शाखाधिकाऱ्याने मला बोलावून घेतलं. मला पाहिजे होता त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. मी नरूभाऊंना तिथेच बोलवायला लावलं. ते आले, गमबूट घालूनच. बाहेर पाऊस होता.

शाखाधिकारी गोड माणूस. "सावेसाहेब, दामूशेठ जुने खातेदार आहेत. थोडं वर घ्या. फाइल बसत नाहीये."

"फाइल बसत नसेल तर मोठी फाइल आणा," नरूभाऊ म्हणाले. "शेड मी कशी मोठी करू?"

माझा आवाज चढला. "भाऊ, माझ्या शेडची किंमत मला माहीत नाही? मी रोज तिथे उभा असतो! उद्या विकायला काढली तर तुमच्या दुप्पट येतील."

त्यांनी पिशवीतून कागद काढले. आमच्या रस्त्यावरच्या शेडच्या नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या नकला. माझ्या शेडचा सुद्धा होता. "शेठ, मागणारा काहीही मागतो. मी बघतो, सौदा कितीला पटला, हात कुठे मिळाले. तुमच्या रस्त्यावर हात इथे मिळालेत. हे तुम्हीच सह्या करून लिहून दिलंय."

आता आमच्याकडचा रिवाज सगळ्यांना माहीत आहे. कागदावर एक, हातात एक. मुद्रांक वाचवायला सगळे अर्धंच लिहितात. मी पण लिहिलं. ज्याने मला विकली त्याने पण लिहिलं, त्याच्याआधीच्याने पण. पूर्ण लिहिणाऱ्याला लोक वेडा म्हणतात.

मी म्हणालो, "अहो, कागदावर खरं कोण लिहितं?"

"मग मी खरं कुठून आणू?" त्यांनी शांतपणे विचारलं. "सरकारला सांगताना अर्धं, बँकेला सांगताना दुप्पट. शेठ, शेड तर एकच आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून आपला रस्ता स्वस्त करून ठेवलात. त्यात पाणी भरतं ते वेगळं."

"माझ्याकडची भजी खाताना नाही सुचलं हे?"

शाखाधिकारी गडबडला. नरूभाऊंना मात्र काही लागलं नाही. हसून म्हणाले, "भजी उत्तम होती. त्यांची किंमत विचारा, ती मी वाढवून देतो."

दुसऱ्याकडून आकडा काढून घ्यावा म्हटलं, तर एकदा एवढा खालचा आकडा नोंदवला गेल्यावर दुसरा कोणी हात घालेना. त्यात दिवस गेले. शेजारची शेड वापीकडच्या एका पार्टीने घेतली. ते लोक बाहेरचे, त्यांना आमचा रिवाज माहीत नव्हता किंवा त्यांना गरज नव्हती. सगळे पैसे चेकने दिले आणि कागदावर पूर्ण लिहिले. आमच्या रस्त्यावर पहिल्यांदाच. आम्ही त्यांना हसलो. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो, कारण मला रडू येत होतं. त्या गेटवर आता त्यांचं नाव आहे. रोज सकाळी गाडी तिथूनच वळवावी लागते.

त्यानंतर मी गप्प बसलो नाही. चार ठिकाणी बोललो. या माणसाला पाठवलं की कर्ज होत नाही, असं ज्याला-त्याला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. बाकीच्यांचेही असेच अनुभव होते. हळूहळू त्या शाखेचं काम त्यांच्याकडे जायचं थांबलं, मग दुसऱ्या शाखेचं. काढून कोणी टाकलं नाही, नुसतं बोलावणं बंद झालं. जो बँकेचा माणूस शोकसभेत गहिवरला, त्याने त्यांना हे तोंडावर सांगितलंही नव्हतं. नरूभाऊ फोन करून विचारायचे आणि तो म्हणायचा, "सध्या काम कमी आहे, साहेब." काम कमी नव्हतं. रोज नव्या शेडा उठत होत्या.

कोणाला वाटेल की हा माणूस फक्त कारखानदारांशीच असा वागला. नाही, घरच्यांनाही सोडलं नाही. माहीमच्या बाजूला सरकारी रस्ता जाणार होता आणि त्यात त्यांचा चुलतभाऊ वसंत याची वाडी जात होती. भरपाई झाडांवर मिळते. त्यामुळे कळल्याबरोबर वसंताने रातोरात सुपारीची रोपं आणून वाडीभर खोचली. आसपासच्या सगळ्यांनी तेच केलं होतं. मग म्हणाला, आपल्या घरातच माणूस आहे, त्याच्याकडूनच दावा तयार करून घेऊ.

हा प्रसंग मी स्वतः पाहिला नाही, पण वसंतानेच मला रागारागाने सांगितला आहे, त्यामुळे खोटा नसावा. नरूभाऊ वाडीत गेले, केळफुलाची भाजी जेवले, दुपारी ओट्यावर आडवे झाले. उठून वाडीत फिरले आणि एक रोप दोन बोटांनी धरून वर उचललं. ते अलगद हातात आलं, मातीसकट.

"वसंता, हे झाड हाय का उदबत्ती?"

वसंत म्हणाला, "नरूदादा, सरकारच्या पैशाला तुजं काय जातं? तू आपला का त्यांचा?"

"मी तुजाच हाय रे. पण ज्याला मूळ नाय ते झाड मला मोजता येत नाय."

त्यांनी वसंताच्या जुन्या सुपाऱ्या, नारळ, पानवेली, विहीर, सगळं लिहिलं. इतकं व्यवस्थित लिहिलं की वसंताला त्या जुन्या झाडांचे बरे पैसे मिळाले. शेजाऱ्यांच्या उदबत्त्या मात्र दावा तपासताना धरल्या गेल्या आणि त्यांचं पुष्कळ दिवस अडकलं. पण ते कोण लक्षात ठेवतो? वसंताच्या लक्षात राहिली फक्त ती दोन बोटं. मुलीच्या लग्नाला त्यांना बोलावलं नाही. पंगतीसाठी केळीची पानं मात्र नरूभाऊंच्याच वाडीतून मागून नेली, आणि यांनी ती निवडून निवडून दिली. यावर वहिनी, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाल्या होत्या, "शेठ, माझ्या मंगळसूत्राचा सुद्धा घसारा काढतील हे. पानं काय, मागाल ती देतील. आकडा मागू नका."

दुसऱ्यांदा त्यांनी मला बुडवलं ती गोष्ट अशी. माझा धाकटा भाऊ दिनू माझ्याबरोबरच धंद्यात होता. मी ओरडतो, मी सगळं एकट्याने ठरवतो, अशी त्याची तक्रार. एक दिवस म्हणाला, वेगळं व्हायचंय, शेड तू ठेव, माझ्या हिश्श्याचे पैसे दे. मी म्हणालो, दे म्हणजे किती? मी एक आकडा सांगितला.

दिनू म्हणाला, "दादा, तुजा आकडा नाय. नरूभाऊ सांगतील तो आकडा."

आता मला हसू आवरेना. ज्या माणसाने माझ्या शेडची किंमत निम्मी केली, त्यालाच हा बोलावतोय! मी तोंड दिसू दिलं नाही. जड मनाने तयार झाल्यासारखं दाखवलं. "तुझं समाधान होत असेल तर बोलाव बाबा." बायकोला सांगून मटणाचा बेत केला. मला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, तो खडूसपणा माझ्या कामाला येणार.

नरूभाऊ आले. म्हातारे झाले होते, पण तीच स्कूटर, तेच गमबूट. बाहेरून फेरी मारली. शेजारी नवा वॉचमन होता, त्याच्या गावाकडचं विचारलं. ग्लासातलं पाणी उजेडात धरलं. जेवले, दोनदा रस्सा घेतला. आणि आठवड्यात आकडा आला. पहिल्यापेक्षा कितीतरी वर. मी जो आकडा त्या वेळी बँकेत ओरडून मागत होतो, त्याच्याही वर.

मी त्यांच्या घरी धडकलो. ओट्यावर सुपारी सोलत बसले होते.

"भाऊ, ही चेष्टा आहे का? तीच शेड! तोच नाला! तेव्हा चढवा म्हटलं तर चढवला नाहीत, आता उतरवा म्हणतोय तर..."

"बसा शेठ. नाला आता तेवढा उलटत नाही. वापीवाल्यांनी त्यांच्या बाजूने स्वतः बांधून घेतलाय."

"नाल्याने एवढं वाढतं?"

"नाही. त्यांनी कागदावर खरं लिहिलं, त्याने वाढलं. त्यांच्यानंतर तुमच्या रस्त्यावर आणखी दोघांनी लिहिलं. बँका पूर्ण आकड्याचा कागद मागायला लागल्या ना. आता हात कुठे मिळाले ते दिसतंय." मग अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाले, "तुमची शेड आता कुठे खरी झाली."

म्हणजे बघा. जी शेड मला मिळाली नाही, ती ज्याने घेतली त्याच्या सहीने माझ्या शेडची किंमत वाढली, आणि ती वाढलेली किंमत मी माझ्या सख्ख्या भावाला मोजायची. मी त्यांना खूप बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत वहिनींच्या हातातलं भांडं थांबलं होतं. त्यांनी अडकित्ता पुन्हा उचलला आणि सुपारी सोलत राहिले. मी थकल्यावर म्हणाले, "दिनूने पण फोन केला होता. म्हणाला, अजून थोडं चढवता येईल का. त्याला पण नाही म्हणालो."

मला वाटतं, याच गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. ते माझ्या विरुद्ध असते तर मला कळलं असतं. माझ्या विरुद्ध असलेली माणसं मी आयुष्यभर हाताळली आहेत. ते कोणाच्याच बाजूने नव्हते.

शिरगावला किल्ल्याजवळ, समुद्र दिसेल अशी जागा मी घरासाठी घेऊन ठेवली होती. आईला तिथे ओटा बांधून देईन असं म्हणालो होतो. ती विकून दिनूला पैसे दिले. दिनूने पालघरला घर घेतलं. आई त्याच्याकडे राहते. मला म्हणते, "नरूभाऊनं वाटणी बरी केली हो. कोणाच्या पोटात दुकलं नाय." माझं पोट तिने कधी विचारलं नाही.

आता चैत्राचं सांगतो.

दिवाळीनंतर बातमी आली की नरूभाऊ वाडी विकताहेत. काम बंद झालेलं. वाडीला पाणी द्यायला गडी मिळत नाही. वहिनींचे गुडघे गेलेले. मुलगी नाशिकला, ती दोघांना बोलावत होती, पण हात हलवत जायचं नव्हतं. मी ऐकलं आणि त्या दिवशी मला चांगली झोप लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माणूस विकणारा होता आणि मी घेणारा. आकडा लिहिणारा मध्ये कोणी नव्हता.

मी आधी जाऊन वाडी बाहेरून बघून आलो. हो, त्यांच्यासारखीच फेरी मारली. वाट अरुंद, ट्रक शिरत नाही. सुपाऱ्या म्हाताऱ्या. कुंपण पडलेलं. कोणती खोट कधी काढायची ते मनात लावून ठेवलं. मग सकाळी गेलो. वहिनी चहा करायला उठायला लागल्या तर मी नको म्हणालो. मी तिथे काही घेणार नव्हतो.

नरूभाऊ मला वाडीत घेऊन गेले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "वाट अरुंद आहे, शेठ. ट्रक येत नाही. नारळ काढला की डोक्यावरून रस्त्याला न्यावा लागतो." दोन पावलं पुढे गेल्यावर, "या सुपाऱ्या आता जास्त वर्षं देणार नाहीत. या रांगेला तर कीड आहे, खोड वाजवून बघा." मग, "कुंपण धरू नका, ते नाहीच." मी इतके दिवस जमवलेली एकेक खोट त्यांनी स्वतःच काढून माझ्या हातात दिली. आईच्या टोपलीपाशी मी सगळं शिकलो होतो, पण स्वतःच्या माशाचा कल्ला उघडून दाखवणारी बाई मी बघितली नव्हती.

शेवटी विहिरीपाशी आलो. त्यांनी स्वतः रहाटावरून बादली ओढली, धाप लागली तरी मला हात लावू दिला नाही. तांब्या भरून माझ्यापुढे धरला.

"घ्या."

"कशाला?"

"विहीर घेताय ना? मग चाखून बघा."

मी घेतलं. पाणी थंड होतं आणि गोड होतं. शहाळ्यासारखं. मी तांब्या रिकामा करत आणला.

मी म्हणालो, "पाणी एक नंबर आहे, भाऊ. सांगा आकडा. या पाण्यासाठी मी घासाघीस करणार नाही." आणि खरंच करणार नव्हतो. का, ते मलाही माहीत नाही.

ते म्हणाले, "आता नाही. चैत्रात या."

"चैत्रात काय आहे?"

"हे पावसाचं पाणी आहे. होळीनंतर समुद्र आत यायला लागतो. चैत्रात हीच विहीर खारी होते. गेल्या काही वर्षांत फारच. पानवेलीला चालत नाही, माणसाला पण नाही. तेव्हा चाखा, मग बोलू."

"अहो, तुम्हाला विकायची आहे ना?"

"विकायची आहे."

"वहिनींना नाशिकला न्यायचंय ना?"

"न्यायचंय."

"मी आज देतोय! चेकने देतो. कागदावर पूर्ण लिहितो. तुमच्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण लिहितो!"

"लिहा ना, पूर्णच लिहा. पण खाऱ्या पाण्याचं लिहा. गोड पाण्याचा भाव घेऊन मी तुम्हाला खारी विहीर कशी देऊ?"

वहिनी काठी टेकत मागच्या दारात आल्या होत्या. म्हणाल्या, "असंच चाललंय, शेठ. येतो त्याला चैत्रात बोलावतात. चैत्रात कोण येणार? आणि तोपर्यंत माझे गुडघे राहतील का?" त्यांनी हे हसून म्हटलं, पण नवऱ्याकडे बघितलं नाही.

मी भडकलो. या माणसाला काय म्हणायचं? मी बुडायला तयार होतो आणि तो मला बुडवत नव्हता. बायको दारात काठीवर उभी आहे, आणि हा स्वतःच्याच विहिरीची किंमत पाडतोय. मी म्हणालो, "तुमचं हे असंच! दुसऱ्याचं वाटोळं केलंत, आता स्वतःचं करा!" आणि निघालो.

गाडी त्या अरुंद वाटेतून मागे घ्यावी लागली, कारण वळवायला जागा नव्हती. म्हणून ते मला बराच वेळ समोर दिसत राहिले. गमबूट घालून विहिरीच्या काठावर उभे, तांब्या हातात. मी रागाने काच वर केली तेव्हा त्यांनी तळाशी उरलेलं पाणी पानवेलीच्या मुळाशी ओतलं, तांब्या उपडा करून झटकला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तेच शेवटचं बघणं. माघात ते गेले. वहिनी अजून तिथेच आहेत आणि होळी परवा झाली.

हमरस्त्याला लागेपर्यंत मी त्यांना शिव्या देत होतो. मग तोंडात ती चव आली. इतक्या वर्षांत ते माझ्याकडे किती जेवून, किती पिऊन गेले. मी त्यांच्या घरचा घोट पहिल्यांदाच घेतला होता.